बँडमास्तरच्या बापाची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा गावाकडं गेल्यावर ज्यांचं नेट नुसतं गोल गोल फिरत बसतं, त्यांच्यासाठी हा लिहून काढलाय. बोलताना मी जे पाल्हाळ लावलं होतं ते थोडं कापलंय. बाकी आहे तसंच.

तर सुरुवात लातूरच्या एका लग्नापासून.

मागच्या उन्हाळ्यात आतेभावाचं लग्न होतं. आम्ही नांदेडहून दोन गाड्या करून गेलो होतो. भर दुपारी परण्या निघाला. मारुतीच्या देवळापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच अंतर, पण दीड तास लागला, कारण आमच्या भावकीला नाचायचं होतं. पुढं बँड. दोन क्लॅरिनेट, तीन ट्रम्पेट, एक ते पोटाएवढं मोठं पितळी वाद्य, ताशे, आणि हातगाड्यावर जनरेटर, भोंगा, कीबोर्ड. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि ऊन एवढं की डांबर चिकटत होतं.

मंडपाशी पोचलो तसे सगळे अक्षता घ्यायला आत पळाले. बँडवाले लिंबाखाली बसले. नवीन चपलांनी माझ्या पायाला फोड आले होते, म्हणून मीही तिथंच टेकले. शेजारी क्लॅरिनेटवाले मामा होते, साठीचे असतील. त्यांनी कोटाच्या खिशातून एक वही काढली, शाळेत वापरतो तसली, रेघांची, कडा काळ्या पडलेली. मला वाटलं हिशोबाची असेल. डोकावून पाहिलं तर पानभर नुसतं सा, रे, ग, म, मध्ये आडव्या रेघा, काही अक्षरांखाली टिंब.

मी विचारलं, "मामा, हे काय?"

"गाणी हायेत ताई. मोबाईलवर ऐकायचं, पेटीवर काढायचं, अन् हितं लिवायचं. मंग पोरांना वाटायचं. दहा जनांनी एकच वाजवायचं म्हनल्यावर लिवावं लागतंय की."

"हे असं लिहायला कुणी शिकवलं?"

"मास्तरनं."

"आणि मास्तरला?"

मामा हसले. "त्येच्या मास्तरनं."

तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, "बँडवाले, चला, हार घालायलेत, वाजवा!" मामा उठले. जेवायला त्यांना बसवलं ते चार वाजता, सगळ्या पंगती उठल्यावर.

पुण्याला परत आल्यावर ऑफिसात कोड लिहिताना ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याच्या मास्तरला त्याच्या मास्तरनं. बरं, मग मागं मागं जात गेलं तर पहिला मास्तर कोण?

बँड आला कुठून?

हा भाग पटकन सांगते, कारण खरी गोष्ट पुढं आहे.

पितळी बँड आपल्याकडं आला तो पलटणींबरोबर. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण इंग्रजांच्या अधिकाऱ्यांखाली 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज होती आणि तिच्या छावण्या आपल्याच भागात होत्या. हिंगोली, जालना, औरंगाबाद, आणि मोमिनाबाद, म्हणजे आपलं आजचं अंबाजोगाई. पलटण म्हटली की कवायत आली, कवायत म्हटली की बँड आला, आणि बँड म्हटलं की बँडमास्तर.

संस्थानिकांनी हे बघितलं आणि आपापले बँड उभे केले. त्यांना शिकवायला माणसं लागायची. कुणी युरोपातून यायचं, आणि गोव्यातून तर खूपजण. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये पोरांना लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकवायचे, त्यामुळं गोव्याचा वाजवणारा कागद समोर ठेवला की वाजवू शकायचा. बँडसाठी हीच तर गोष्ट लागते. मुंबईचे क्लब, जहाजं, राजेरजवाड्यांचे दरबार, सगळीकडं ही मंडळी गेली.

पण ते वाचायचे ते पाच रेघांचं युरोपियन नोटेशन. मामांच्या वहीत पाच रेघा नव्हत्या. तिथं आपलीच अक्षरं होती. म्हणजे मधे कुणीतरी असं म्हटलं असणार की आपलं गाणंही लिहिता येईल, आपल्या लिपीत लिहिता येईल, आणि वर्गात बसवून तीस पोरांना एकदम शिकवता येईल.

असं म्हणणारे एकटे-दुकटे नव्हते. कोलकात्यात क्षेत्रमोहन गोस्वामींनी १८६० च्या दशकातच स्वरलिपी छापली होती. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज सुरू झाला होता. पण मला ज्या माणसाचं वेड लागलं तो बडोद्याचा. आणि तो बडोद्याचा नव्हताच.

भिंतीपलीकडचं गाणं

त्याचं मूळ नाव चोले खान. जन्म १८३३ चा, दिल्लीच्या पलीकडं, आजच्या हरियाणात. घर जमीनदारांचं होतं, गवयांचं नव्हतं. पोराला नाद कुस्तीचा. घराण्यात अशी गोष्ट सांगतात की एक फकीर भेटला, त्यानं पोराला गायला सांगितलं, खूश झाला आणि म्हणाला, आजपासून तुझं नाव मौलाबक्ष. मौलाबक्ष म्हणजे देवानं दिलेला. पोरानं आखाडा सोडला आणि गाणं धरलं.

आता गाणं शिकायचं तर शिकवणार कोण? तो काळ लक्षात घ्या. उस्तादाची विद्या ही घरची इस्टेट होती. मुलाला द्यायची, फार तर जावयाला. खास चिजा तर सख्ख्या पुतण्यालाही नाहीत. आमच्या धंद्याच्या भाषेत, प्रोग्रॅम चालताना बघा, टाळ्या वाजवा, सोर्स कोड मागू नका. आणि त्यात उगाच दुष्टपणा होता असंही नाही. विद्या हीच रोजीरोटी होती, ती वाटली तर खाणार काय?

तर हा पोरगा घसीट खान नावाच्या गवयाकडं गेला. ते शिकवायला तयार नव्हते. पण ते रात्री घरी रियाझ करायचे. मौलाबक्षनं काय केलं, त्यांच्या दारावरच्या राखणदाराशी दोस्ती केली. रोज रात्री त्याच्यापाशी जाऊन बसायचं, भिंतीपलीकडून येणारं गाणं कानात साठवायचं, आणि घरी जाऊन घोटायचं. एक दिवस घसीट खान रस्त्यानं जात होते, त्यांना कुठल्यातरी घरातून आपलंच गाणं ऐकू आलं. आत गेले. विचारलं, कुणाकडं शिकलास? पोरगा म्हणाला, तुमच्याकडंच. त्यानंतर मात्र त्यांनी त्याला समोर बसवून शिकवलं.

ही गोष्ट त्यांच्या वंशजांनी सांगितलेली आहे, त्यामुळं तिला थोडं मीठमसाला लागलं असेल. पण तिच्यातलं दुखणं खरं आहे. ज्याला भिंतीआडून चोरून शिकावं लागलं, त्या माणसानं पुढं आयुष्यात काय केलं ते बघा.

दक्षिणेची उतरंड

मौलाबक्ष घर सोडून निघाले ते हिंडत हिंडत म्हैसूरला पोचले. तिथं तिसऱ्या कृष्णराज वोडेयारांचा दरबार होता. उत्तरेतला गवई दक्षिणेत गेला की बहुतेक वेळा आपलं गाऊन, बिदागी घेऊन परत यायचा. हे मात्र तिथलं संगीत शिकायला बसले.

कर्नाटक संगीतात शिकायची एक ठरलेली उतरंड आहे. आधी सरळी, मग जंटा, मग अलंकार, मग गीत. पहिल्या दिवशी काय, महिन्यानं काय, सगळं ठरलेलं. ही मांडणी पुरंदरदासांपासून चालत आली असं मानतात. म्हणजे आपल्या भाषेत सिलॅबस. उस्तादाच्या मर्जीवर नाही, पायरीवर. मला वाटतं मौलाबक्षांच्या डोक्यातली शाळा बडोद्याच्या आधी इथंच सुरू झाली असणार.

म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना मोठा मान दिला. कलगी, सरपेच, छत्र, चवरी, ही राजचिन्हं वापरायची परवानगी. आता गंमत बघा. हेच मानमरातब घेऊन ते पुढं बडोद्याच्या दरबारात गेले तेव्हा, घराण्यातल्या आठवणींनुसार, तिथं कुरबुर झाली. गवयानं राजासारखं छत्र धरायचं म्हणजे काय! मधल्या काळात ते बडोदा सोडून फिरले, कोलकात्यालाही गेले. गायक म्हणून नाव मोठं झालं, पण बूड टेकत नव्हतं.

दोन परके एका गावात

१८७५ मध्ये इंग्रजांनी बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून शेतकऱ्याघरच्या एका बारा वर्षांच्या पोराला आणून दत्तक घेतलं आणि गादीवर बसवलं. त्या पोराला तोवर अक्षरओळखही फारशी नव्हती. हेच आपले सयाजीराव. १८८१ मध्ये त्यांच्या हाती पूर्ण कारभार आला.

मला हे चित्र फार आवडतं. दरबार मराठी, रयत गुजराती, राजा कवळाण्याचा, गवई हरियाणाचा. राजा आणि गवई दोघंही बाहेरचे. आणि दोघांनाही पक्कं ठाऊक होतं की शिकायला मिळणं म्हणजे काय असतं, कारण एकाला ते अचानक मिळालं होतं आणि दुसऱ्याला चोरून मिळवावं लागलं होतं.

१८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा निघाली आणि मौलाबक्ष तिचे प्रमुख झाले. उस्ताद मौलाबक्ष आता प्रोफेसर मौलाबक्ष झाले. वर्ग, वेळापत्रक, पायऱ्या, परीक्षा. आणि शिकवायचं साधन म्हणजे स्वरलिपी. सा रे ग मची आपलीच अक्षरं, आणि कोणता स्वर किती वेळ धरायचा ते दाखवणाऱ्या खुणा. शाळेसाठी त्यांनी क्रमिक पुस्तकं लिहिली, ती छापली गेली. ज्या विद्येसाठी रात्री राखणदाराच्या शेजारी बसावं लागलं होतं, ती आता छापील पुस्तकात आली.

दरबारी उस्तादांना हे आवडलं असेल का? अजिबात नाही. आणि त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणायचे, राग कागदावर मावत नाही. मींड कशी लिहिणार? एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाताना मधे जे होतं तेच तर गाणं. बरोबर आहे. फोटो कॉम्प्रेस करून पाठवला की तो पोचतो, पण थोडा मरतो. नोटेशनमध्ये सांगाडा जातो, जीव गुरूपाशीच राहतो. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला गुरूच्या दारातच उभं करत नव्हते, त्याला निदान सांगाडा तरी मिळाला.

अजून एक गोष्ट लपवत नाही. बडोद्यात गाणारे, वाजवणारे, नाचणारे सगळे 'कलावंत कारखाना' नावाच्या दरबारी खात्याखाली असायचे. मौलाबक्षांच्या मृत्यूनंतर, १८९९ मध्ये, या खात्याचे नियमच छापले गेले. हजेरी, रजा, दंड. म्हणजे विद्या मोकळी होत होती आणि त्याच वेळी कलाकाराच्या हातात टाइमशीट येत होतं. आयटीवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि बँडमास्तर?

हां, तुम्ही विचारत असाल, ताई, शीर्षकातला बँडमास्तर कुठाय?

मौलाबक्षांना अल्लाउद्दीन खान नावाचा मुलगा होता. मैहरचे अल्लाउद्दीन खान वेगळे, गोंधळ करू नका. हे बडोद्याचे, पुढं डॉ. ए. एम. पठाण म्हणून ओळखले गेले. सयाजीरावांनी १८९० च्या दशकात त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकायला लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये पाठवलं. परत आल्यावर त्यांच्याकडं बडोद्याच्या बँडचं आणि पाश्चात्त्य संगीताच्या शिकवणीचं काम आलं.

आजोबा जमीनदार, बाप गवई, पोरगा लंडनला शिकलेला बँडमास्तर. तोवर बँडमास्तर म्हणजे बाहेरून आलेला साहेब किंवा गोव्याचा माणूस. इथं चाक उलटं फिरलं, आपला माणूस तिकडं गेला आणि पाच रेघा शिकून आला.

या घरात दोन्ही लिप्या एकत्र नांदत होत्या. मौलाबक्षांच्या मुलीचा मुलगा इनायत खान, जन्म ५ जुलै १८८२, बडोदा. तो आजोबांच्या गायनशाळेत वाढला आणि मामाकडून पाश्चात्त्य संगीत शिकला. लहानपणीच दरबारात संस्कृत गणेशस्तुती गाऊन त्यानं सयाजीरावांकडून बक्षीस मिळवलं. मुसलमान घरातलं पोर, मराठी राजा, संस्कृत स्तुती, आणि त्यात कुणाला बातमी वाटली नाही.

विशीत असतानाच इनायतनी बडोद्यात पुस्तकं काढली. नावं ऐका, 'इनायत हार्मोनियम शिक्षक', 'इनायत फिडल शिक्षक'. घरबसल्या पेटी शिका! म्हणजे १९०३ च्या आसपासचं यूट्यूब ट्युटोरियलच की. उस्ताद नको, घराणं नको, जात कुणी विचारणार नाही. पुस्तक विकत घ्या, पेटी समोर ठेवा आणि बसा.

इथून गोष्ट आपल्याही राज्यात येते. इनायत खान हैदराबादला गेले आणि सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासमोर गायले. नांदेड आणि लातूरचा भाग तेव्हा ज्या राज्यात होता, त्याच राज्याच्या राजधानीत मौलाबक्षांच्या शाळेचं गाणं पोचलं. तिथंच त्यांना त्यांचे सूफी गुरू भेटले. पुढं १३ सप्टेंबर १९१० ला ते मुंबईहून बोटीनं अमेरिकेला निघाले, आणि जगानं त्यांना गवई म्हणून कमी आणि सूफी गुरू म्हणून जास्त ओळखलं. त्यांची मुलगी म्हणजे नूर इनायत खान. हो, तीच, दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये इंग्रजांसाठी वायरलेस चालवणारी. १३ सप्टेंबर १९४४ ला दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. बाप ज्या तारखेला मुंबईहून निघाला, तीच तारीख. तिच्यावर वेगळा एपिसोड करायचा आहे, म्हणून इथं थांबते.

वही कुठून आली

मौलाबक्ष १८९६ मध्ये गेले. त्यांची शाळा आजही आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी म्हणजे तीच १८८६ ची गायनशाळा. १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच, भातखंड्यांच्या पुढाकारानं.

मामांच्या वहीतली लिपी थेट मौलाबक्षांची आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडं घरोघरी पोचली ती भातखंडे आणि पलुस्करांची पद्धत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि तिथून निघालेली वर्ग-परीक्षांची रीत आज नांदेड-लातूरच्या पेटीच्या क्लासांपर्यंत आहे. पण राजाच्या पैशानं, पाठ्यपुस्तकं छापून, वर्ग भरवून हे करता येतं, हे त्यांच्या पंधरा वर्षं आधी एका गवयानं करून दाखवलं होतं. एवढं श्रेय त्याचं.

तरी शाळांच्या इतिहासात मौलाबक्षांचं, सयाजीरावांचं नाव निदान सापडतं. लिंबाखालच्या मामांच्या मास्तरचं नाव कुठं सापडणार? आपल्याकडं छावणीतला बँड गावच्या लग्नात आला तेव्हा तो उचलला कुणी? जे आधीपासून हलगी, सनई वाजवत होते, त्यातल्या कितीतरी घरांनी. वाजवायला ते पाहिजेत, पंगतीला शेवटी. गायनशाळा त्यांच्यासाठी उघडली नव्हती. त्यांनी मौलाबक्षांसारखंच भिंतीपलीकडून ऐकलं, कुणाच्या तरी पेटीवर बोट ठेवलं, आणि रेघांच्या वहीत लिहून घेतलं. आणि मुख्य म्हणजे, लिहून पोरांना वाटलं.

त्या दिवशी संध्याकाळी वरातीच्या आधी मी मामांना परत गाठलं. म्हटलं, वहीचा फोटो काढू का? मला वाटलं नाही म्हणतील, धंद्याची गोष्ट आहे. मामा म्हणाले, "काढ की. पर तिसऱ्या पानावर ग कोमल हाय, टिंब पुसलंय, ते नीट लिवून घे. न्हाईतर चुकीचं वाजवशील."

मी वाजवत नाही, मामा. पण लिहून घेतलंय.

तर मंडळी, आता तुमच्याकडं एक काम. लग्नसराई येतेय. पुढच्या वरातीत नाचून झालं की बँडच्या मास्तरला त्यांचं नाव विचारा, ते कुणाकडं शिकले ते विचारा, आणि त्यांची परवानगी घेऊन मला व्हॉइस नोट पाठवा. नांदेड, लातूर, हिंगोली, अंबाजोगाई, कुठलीही चालेल. पुरेशा आल्या तर पुढचा एपिसोड त्यांच्याच आवाजात करू. आणि हो, जेवायला त्यांना आपल्या पंगतीत बसवा.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या!